शेवटची काडी

निवतीच्या खडपावर अवसेच्या पहाटे
पाणी इतकं मागं सरतं
की एरवी न दिसणारे दगडही उघडे पडतात,
अंगावरची चादर कुणी ओढल्यासारखे.
त्यातला एक मी उलटा केला.
त्याच्या पोटाला हा होता.

करंगळीच्या दोन पेरांएवढा.
खवलं नाहीत. डोकं चपटं,
ओल्या मातीवर अंगठा दाबावा तसं.
रंगाच्या रकान्यात मी तीनदा खोडलं:
विटकरी, शेवाळी,
मग नुसतंच ‘दगडासारखा’.

आधी वाटलं, निवट्याच्या गोतातला असेल,
त्यांचेही पोटाखालचे पर जुळलेले असतात.
पण निवटा बोट लावताच उडी मारतो.
हा उलट
आणखी घट्ट झाला.

येसूबाई कुबल पलीकडे कालवं फोडत होती.
कोयती थांबवून म्हणाली, “काय गावला गो?”
तेच शोधतेय, म्हटलं.

माझं पुस्तक प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं आहे.
ते दर वळणावर दोनच वाटा ठेवतं.
वाटी एकसंध असेल तर चारवर जा,
दुभंगलेली असेल तर नऊवर.
पाठीवरच्या पराला काड्या सात असतील तर हा,
आठ असतील तर तो.
मी सात मोजल्या.
आठवी बुडाशी एक होती
आणि वर जाऊन दोन.
ती एक धरायची की दोन,
हे तळटीपेत होतं,
आणि तळटीपेचा कोपरा मागच्या अवसेला भिजून गेला होता.

“तुमी ह्याका काय म्हणतास?” मी विचारलं,
माझी मालवणी तिला हसू येईल इतपतच.
“कायच नाय,” येसूबाई म्हणाली.
“खावक नाय, इकूक नाय,
मगे नाव घालून काय करूचा?”

बाजारात पेडव्याला नाव आहे, लेपीला आहे,
मुडदुशीला तर आजाऱ्याच्या पथ्यातही जागा आहे.
नाव म्हणजे आधी कुणाची तरी भूक.
माझी कसली, मला नीट सांगता येईना.

पिशवीत स्पिरिटची बाटली होती.
त्यात घातलं की मासा शांत होतो,
काड्या स्वस्थपणे मोजता येतात,
फक्त एका रात्रीत रंग जातो
आणि दुसऱ्या दिवशी सगळेच मासे
एकाच पांढऱ्या जातीचे होतात.

मी त्याला आधी समुद्राच्या पाण्याच्या बरणीत सोडलं.
तो एक फेरी फिरला
आणि काचेला चिकटला,
माझ्याकडे पोट करून.
एवढा वेळ मी जे नखानं उकलू बघत होते
ते सगळं समोर:
वाटीची कड, कडेवरचे बारीक दाणे,
मधली मऊ मोकळी जागा,
आणि गळ्याशी काहीतरी धडधडणारं,
ज्याचा पुस्तकात रकाना नाही.

दाणे मोजले. पाच ओळी.
सहावी असावी, पण तो श्वास घेई
तेव्हा ती नाहीशी होई.

“सोडून दी गो तेका,
पाणी चढता,” येसूबाईनं हाक दिली.
तिची टोपली अर्धीच भरली होती
तरी ती उठली होती.
माझ्या घोट्याला पाणी लागलं तेव्हा कळलं
की मी बराच वेळ हललेले नाही.

दगड होता तसा पालथा ठेवला,
हे मात्र मी नेमानं करते.
बरणी आडवी केली.
तो निघेना.
पाणी ओतून दिलं, तरी काचेलाच.
शेवटी येसूबाईनं कोयतीच्या पाठीनं
बरणीवर हलकेच टक् केलं,
कालव मेलेलं की जिवंत ते बघायला करतात तसं.

वहीत लिहिलंय:
निवती, दक्षिणेकडचं खडप, अवस, सहा वाजून दहा.
लांबी एकतीस मिलिमीटर, अंदाजे.
पाठीच्या काड्या सात, किंवा आठ.
नमुना घेतला नाही.
पाहणारे: दोन.